लोखंडी हाताचा इव्हान : रशियन चित्रकार बिलिबिन

ज्या छापखान्यांत राज्याच्या नोटा छापल्या जातात, त्याच छापखान्यानें लहान मुलांच्या परीकथा छापून विकल्या, असें कोणीं सांगितलें तर ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटेल. परंतु रशियाची त्या वेळची राजधानी जें सेंट पीटर्सबर्ग, तेथें १९०१ ते १९०३ या तीन वर्षांत हा प्रकार खरोखरच घडला. सरकारी कागदपत्रें तयार करण्याचें म्हणून एक खातें तेथें होतें. नोटा, रोखे, टपालाचीं तिकिटें हें त्याचें नित्याचें काम. केसासारखी बारीक रेषा जशीच्या तशी उमटविणारे आणि एका रंगाशेजारीं दुसरा रंग सुतभरहि न हलतां बसविणारे कारागीर त्या खात्याच्या पदरीं होते. या कारागिरांच्या हातून पातळ, मोठ्या आकाराचीं सहा गोष्टींचीं पुस्तकें बाहेर पडलीं. राजपुत्र इव्हान आणि करडा लांडगा, बेडूक झालेली राजकन्या, रूपवती वासिलिसा, अशा रशियांतील आज्या नातवंडांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या त्या कथा. चित्रें काढणारा तरुण पंचविशींतला होता. त्याचें नांव इव्हान याकोव्हलेविच बिलिबिन.

मुलांचें पुस्तक आणि रस्त्यावरचें पोस्टर हीं दोन्ही कामें त्या काळीं किरकोळ समजलीं जात. मोठा चित्रकार तो, जो मोठ्या फळ्यावर तैलरंगांत इतिहासाचे प्रसंग रंगवितो, अशी समजूत होती. बिलिबिननें आपलें सारें सामर्थ्य या किरकोळ समजल्या गेलेल्या कामांना वाहिलें. त्याच्या रेषेचा ठामपणा पाहून स्नेही त्याला ‘लोखंडी हाताचा इव्हान’ म्हणत. बोलतांना तो अडखळत असे. कागदावर मात्र त्याचा हात कधीं अडखळला नाहीं. आणि नवल असें, कीं ज्याची रेषा जन्मांत डळमळली नाहीं, त्याच्या आयुष्याची वाट मात्र फार वेळां वळली. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हाच त्याच्या चरित्रांतील खरा प्रश्न आहे.

बिलिबिनचा जन्म १८७६ च्या ऑगस्टमध्यें पीटर्सबर्गजवळच्या तारखोव्हका गांवीं झाला. वडील आरमारांत डॉक्टर होते. मुलानें वकील व्हावें अशी त्यांची इच्छा, आणि मुलानें ती मोडली नाहीं. विद्यापीठांत त्यानें कायद्याचा अभ्यास केला, व तो पुराहि केला. परंतु १८९५ पासून त्याचे पाय कलोत्तेजक मंडळाच्या चित्रशाळेकडे वळूं लागले होते. याच मंडळानें १८९७ सालीं जगांतील पोस्टरांचें एक प्रदर्शन भरविलें. सातशेंहून अधिक पोस्टरें निरनिराळ्या देशांतून आलीं. त्यांत यजमान रशियाचा वाटा अगदीं लहान होता. फ्रान्समध्यें नामांकित चित्रकार नाटकगृहांच्या व दुकानांच्या जाहिराती रंगवीत होते, आणि रशियांत मात्र हें काम अजून छापखान्यांतल्या नांव नसलेल्या कारागिरांकडे होतें. ती उणीव भरून काढणाऱ्या पहिल्या पिढींत बिलिबिनची गणना होते.

१८९८ मध्यें त्यानें म्यूनिक शहरीं अंतोन आझबे या शिक्षकापाशीं थोडे दिवस काढले. परत आल्यावर थोर चित्रकार रेपिन याचें शिष्यत्व पत्करलें. रेपिनपाशीं तो मनुष्याकृति शिकला. परंतु त्याची स्वतःची वाट त्याला दुसरीकडेच सांपडली. १८९९ सालीं पीटर्सबर्गमध्यें व्हिक्टर वास्नेत्सोव्ह याच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत तीन प्राचीन रशियन वीरांचें भव्य चित्र होतें. तें पाहून हा कायद्याचा विद्यार्थी भारून गेला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत तो त्वेर प्रांतांतील येग्नी नांवाच्या खेड्यांत जाऊन राहिला. दाट अरण्य, लाकडी घरें, नक्षीदार खिडक्या आणि भरतकामाचीं वस्त्रें हें सारें तेथें त्याच्या नित्य डोळ्यांपुढें होतें. जें वास्नेत्सोव्हच्या चित्रांत पाहिलें होतें तें येथें अद्याप जिवंत होतें. परीकथांचीं पहिलीं चित्रें त्यानें तेथेंच काढावयास घेतलीं.

त्या चित्रांपैकीं वासिलिसेचीं चित्रें आजहि सर्वांत प्रसिद्ध आहेत. सावत्र आईच्या घरून वासिलिसेला बाबा यागा या जखिणीकडे विस्तव आणावयास पाठवितात. ही जखीण अरण्यांत कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोंपडींत राहते. ती उखळांत बसून हवेंतून जाते, हातांतल्या मुसळानें उखळ पुढें रेटते आणि खराट्यानें मागचा माग पुसून टाकते. बिलिबिननें ही म्हातारी काढली ती उंच, सरळ खोडांच्या काळोख्या रानांत. तिचे विस्कटलेले केस, हाडकुळे हात आणि अनवाणी पाय असे स्पष्ट आहेत कीं मुलाला भीति वाटावी, पण पान उलटवूं नये. वाटेंत वासिलिसेला तीन स्वार भेटतात. पांढरा तो दिवस, तांबडा तो सूर्य, काळा ती रात्र. प्रत्येकासाठीं बिलिबिननें स्वतंत्र चित्र योजून तेथील सारा रंग त्या वेळेचा केला. चौकटीसुद्धां त्यानें रिकाम्या सोडल्या नाहींत. अळंबीं, रानफळें, पांखरें, भरतकामांतल्या आकृति यांनीं ती चौकट भरलेली असे, आणि जी गोष्ट आंत चालू आहे तिच्याशीं त्या नक्षीचें कांहीं तरी नातें असे. पुस्तकाचें पान हेंच एक पूर्ण चित्र आहे, मजकूर, चौकट आणि चित्र हीं त्याचीं अंगें आहेत, असा त्याचा कटाक्ष होता.

हें काम तो कसें करी हें पाहण्यासारखें आहे. प्रथम साध्या कागदावर कल्पना मांडावयाची. मग पारदर्शक कागदावर तिचा एकूणएक तपशील ठरवावयाचा. त्यानंतर तो आराखडा जाड, उत्तम चित्रकागदावर उतरवून घ्यावयाचा. आणि मग शेवटचें, निर्णायक काम. केसाळ कुंचल्याचें टोंक तो तिरपें कापून घेई. त्यामुळें कुंचला छिन्नीसारखा चाले. त्या कुंचल्यानें पेन्सिलीच्या खुणेवर काळ्या शाईची एकसारखी रेषा तो ओढी. टांकाचा उपयोग पुढें त्यानें सोडूनच दिला. शाईची रेषा पुसतां येत नाहीं. ती चुकली तर सारी मेहनत वायां. तारेसारख्या या रेषेनें घेरलेल्या जागा मग तो जलरंगांनीं भरी. छायाप्रकाशाचा खेळ जवळजवळ नाहीं. प्रत्येक जागेंत एक सपाट रंग.

ही केवळ आवड नव्हती, त्यांत छपाईचा विचार होता. रंगीत चित्र त्या काळीं शिळेवरून छापीत. राजा रविवर्म्याच्या तसबिरी ज्या रीतीनें आपल्याकडील घराघरांत पोंचल्या, तीच ही रीति. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते. तैलचित्रांतील रंगाच्या असंख्य छटा शिळेवर उतरवितांना कारागिराला पदोपदीं स्वतःचा अंदाज चालवावा लागतो, आणि मूळ चित्र हरवतें. बिलिबिनच्या चित्रांत अंदाजाला जागाच नाहीं. रेषा कोठें आहे आणि रंग कोणता आहे, हें चित्रकारानें आधींच ठरवून दिलेलें. त्यामुळें जें त्याच्या कागदावर होतें तेंच मुलाच्या हातांत पडलें. मूळ चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यांत आणि त्याची फिकी नक्कल बाकीच्यांना, हा भेद त्यानें मिटविला. छापलेली प्रत हीच त्याची खरी कलाकृति होय.

ही शैली त्यानें हवेंतून काढली नाहीं. रशियांत ‘लुबोक’ नांवाचीं स्वस्त लोकचित्रें शतकें चालत आलीं होतीं. फेरीवाले तीं खेडोपाडीं विकीत. त्यांची ठसठशीत कड आणि उघडे रंग त्यानें उचलले. जपानी ठशांचाहि त्याच्यावर परिणाम झाला. १९०५ च्या सुमाराचें त्यानें काढलेलें झार साल्तानच्या कथेचें चित्र पाहावें. पिंपांत कोंडलेल्या राणीला व बाळाला समुद्र वाहून नेत आहे. आणि ती फेंसाळ लाट सरळ होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेची बहीण शोभते. ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. दुसऱ्याचें घेऊन तें आपल्या भाषेंत बोलतें करणें हें त्याला साधलें होतें.

आपलें तें नेमकें काय, हें जाणण्यासाठीं मात्र त्यानें पायपीट केली. १९०२ ते १९०४ या वर्षांत पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयाच्या लोकजीवन विभागानें त्याला उत्तरेकडील व्होलोग्दा, ओलोनेत्स व आर्खान्गेल्स्क या प्रांतांत पाठविलें. तेथें त्यानें जुनीं वस्त्रें, भरतकाम, लांकडी कोरीव वस्तु गोळा केल्या आणि लांकडी देवळांचीं छायाचित्रें घेतलीं. उत्तरेच्या लोककलेवर त्यानें १९०४ सालीं लिहिलेला लेख ‘कलाविश्व’ या प्रसिद्ध मासिकांत आला. त्यानंतरच्या चित्रांत बाईच्या डोक्यावरचा साज असो वा घराच्या छपराची कड असो, ती कोणत्या प्रांतांतली हें तज्ज्ञाला सांगतां यावें इतका नेमकेपणा आला.

पोस्टरांतहि त्यानें हेंच केलें. बिअरच्या एका कारखान्याची जाहिरात असो, कीं १९०४ सालच्या प्राचीन कलावस्तूंच्या प्रदर्शनाची, त्यांत जुन्या रशियाची नक्षी, जुन्या वळणाचीं अक्षरें आणि तीच काळी कड दिसते. पोस्टर आणि मुलांचें पुस्तक यांचा धर्म एकच आहे, हें त्यानें ओळखलें. दोहोंचाहि वाचक थांबण्यास बांधलेला नसतो. वाटसरू चालत असतो, मूल चुळबुळत असतें. चित्रानें त्याला पहिल्या दृष्टिक्षेपांत धरलें पाहिजे आणि तो थांबलाच तर पुन्हां पुन्हां पाहण्यासारखें कांहीं दिलें पाहिजे. कांहीं टीकाकारांना त्याची रेषा कोरडी वाटली, नक्षी जास्त वाटली. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाहीं. त्याच्या माणसांपेक्षां त्यांचे पोशाख कधीं कधीं अधिक बोलतात. परंतु अस्पष्टपणा हा दोष त्याच्यावर कोणालाहि ठेवतां आला नाहीं.

ही स्पष्टता एकदां त्याला महाग पडली. १९०५ च्या जानेवारींत पीटर्सबर्गमध्यें निःशस्त्र कामगारांच्या मिरवणुकीवर सैन्यानें गोळ्या झाडल्या आणि देश पेटला. उपहासात्मक नियतकालिकांचें पीक आलें. त्यांपैकीं ‘झूपेल’, म्हणजे ‘बागुलबुवा’, याच्या १९०६ सालच्या एका अंकांत बिलिबिनचें एक चित्र छापलें गेलें. बादशहाच्या तसबिरीभोंवतीं शोभावी अशी राजचिन्हांची भरगच्च चौकट. आणि आंत राजाच्या जागीं एक गाढव, प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत असावें तसें, खालीं शास्त्रीय नांव व मूळ आकाराच्या विसावा भाग हें प्रमाण दिलेलें. नियतकालिक बंद झालें, संपादक तुरुंगांत गेला, चित्रकारालाहि एक दिवस अटकेंत ठेवलें. गंमत अशी, कीं ज्या राजसत्तेच्या छापखान्यानें त्याला नांवारूपास आणलें, त्याच सत्तेच्या चौकटींत त्यानें गाढव बसविलें. पुढें १९०७ सालीं ‘सोनेरी कोंबडा’ या पुश्किनच्या कथेला त्यानें चित्रें दिलीं. त्यांतला झोंपाळू, लठ्ठ राजा पाहून वाचकांनीं काय समजायचें तें समजून घेतलें.

त्यानंतरचीं दहा वर्षें भरभराटीचीं. १९०८ सालीं पॅरिसमध्यें गाजलेल्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ या संगीत नाटकाच्या पोशाखांसाठीं त्यानें आराखडे केले. पुढल्या वर्षीं मॉस्कोंत ‘सोनेरी कोंबडा’ रंगभूमीवर आला तेव्हां त्याची सजावट त्याचीच होती. ज्या चित्रशाळेंत तो शिकला तेथेंच १९०७ ते १९१७ पर्यंत तो शिकवीत होता. त्याच्या शिष्यांत गेओर्गी नारबुत हा सर्वांत मोठा. खेड्यांतून आलेल्या या मुलाला बिलिबिननें आपल्या घरीं आश्रय दिला. पुढें युक्रेन स्वतंत्र झाला तेव्हां त्याची पहिली नोट याच नारबुतनें रेखाटली.

१९१७ सालीं राजसत्ता कोसळली. नव्या हंगामी सरकारला नवी मुद्रा हवी होती. दोन डोक्यांचा गरुड जुना होता. पण राजमुगुट, राजदंड आणि राजगोल त्याच्यापाशीं ठेवून चालणार नव्हतें. बिलिबिननें पंधराव्या शतकांतील इव्हान तिसरा याच्या मुद्रेवरचा साधा गरुड आधाराला घेतला आणि त्याच्यावरचीं सर्व राजचिन्हें काढून टाकलीं. तें सरकार आठ महिनेच टिकलें. बोल्शेव्हिकांचा कारभार त्याला मानवला नाहीं. त्यांच्याविरुद्ध त्यानें लुबोक पद्धतीचें एक उपहासचित्र काढलें. यादवी युद्धांत त्यांच्या विरोधकांच्या प्रचारखात्यांतहि काम केलें. त्या बाजूचा पाडाव झाला, आणि १९२० च्या आरंभीं नोव्होरोसिस्क बंदरांतून निर्वासितांनीं भरलेल्या ‘सारातोव्ह’ बोटीनें तो इजिप्तला पोंचला.

तेल-एल-कबीरच्या निर्वासितांच्या छावणींतून तो कैरोला आला. तेथील श्रीमंत ग्रीकांसाठीं त्यानें बायझंटाइन धाटणीचीं मोठीं चित्रें केलीं आणि पोट भरलें. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रें काढणारी प्रसिद्ध कलावती अलेक्सांद्रा श्चेकातिखिना-पोतोत्स्काया ही आपल्या लहान मुलासह रशियांतून त्याच्याकडे आली. १९२३ मध्यें त्यांचा विवाह झाला. हा त्याचा तिसरा संसार. १९२५ सालीं हीं सर्व पॅरिसला गेलीं. तेथें त्याला नाटकांचीं आणि पुस्तकांचीं कामें मिळालीं. प्राग येथील रशियन देवळासाठीं भित्तिचित्रांचे आराखडेहि त्यानें दिले. परंतु ज्या रानाची, ज्या खेड्याची रेषा त्याच्या हातांत होती, तें आतां फक्त स्मरणांत उरलें होतें. चित्रकाराचा झरा असा दूर राहिला म्हणजे हात तोच राहतो, पण हाताला सांगणारें कोणी राहत नाहीं.

१९३५ च्या सुमारास पॅरिसमधील सोव्हिएट वकिलातीसाठीं त्याला काम सांगण्यांत आलें. त्यानें भिंतीसाठीं चित्र काढलें तें मिकुला या रशियन पोवाड्यांतील नांगऱ्याचें. आणि १९३६ सालीं तो सहकुटुंब परत गेला. पीटर्सबर्गचें आतां लेनिनग्राड झालें होतें. तेथील कला अकादमींत त्याला अध्यापकाची जागा मिळाली.

येथें सुरवातीचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. झारचें गाढव करणारा, हंगामी सरकारचा गरुड रेखाटणारा, बोल्शेव्हिकांविरुद्ध चित्रें काढणारा आणि शेवटीं त्यांच्याच वकिलातीची भिंत सजविणारा हा मनुष्य संधिसाधु होता काय? चित्रें एका ओळींत मांडून पाहिलीं तर निराळेंच दिसतें. गरुड घेतला तो जुन्या मुद्रेवरचा, उपहासचित्र काढलें तें जुन्या लुबोकाच्या वळणाचें, वकिलातींत नेला तो जुन्या पोवाड्यांतला शेतकरी. धनी बदलले, परंतु मजकूर बदलला नाहीं. हें उत्तर पुरेसें आहे असें मात्र नव्हे. प्रचाराच्या चित्राला परिणाम असतात, आणि चित्रकार त्यांतून सुटत नाहीं. त्या हिशेबाचें शेवटचें पान बिलिबिननें शब्दांनीं लिहिलें नाहीं. तें त्याच्या शेवटच्या हिंवाळ्यानें लिहिलें.

१९४१ च्या सप्टेंबरांत जर्मन सैन्यानें लेनिनग्राडला वेढा घातला. नोव्हेंबर अखेरीस कामगार नसलेल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावांतहि भेसळ होती. शहर सोडून जाण्याची सोय बिलिबिनला देऊं केली होती. वेढ्यांत सांपडलेल्या किल्ल्यांतून पळावयाचें नसतें, तो राखावयाचा असतो, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यानें ती नाकारली. एकदां बोटीनें देश सोडून गेलेला मनुष्य दुसऱ्या वेळीं हलला नाहीं. घर राहण्याजोगें उरलें नाहीं तेव्हां तो अकादमीच्या तळघरांत राहावयास गेला. गोठलेल्या बोटांनीं तो जुन्या रशियन वीरकाव्यांसाठीं चित्रें काढीत होता. त्यांतलें द्यूक स्तेपानोविच या वीराचें चित्र अपुरेंच राहिलें. १९४२ च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, उपासमारीनें त्याचा अंत झाला. स्मोलेन्स्क स्मशानभूमींत अकादमीच्या इतर अध्यापकांबरोबर एकाच सामाईक खड्ड्यांत त्याला पुरलें.

त्यानंतर अर्धें शतक लोटलें. सोव्हिएट राज्य संपलें, आणि १९९२ सालीं रशियाच्या मध्यवर्ती बँकेला चिन्ह हवें झालें तेव्हां बिलिबिनचा तोच मुगुट नसलेला गरुड शोधून काढण्यांत आला. २०१५ पर्यंत तो रशियाच्या नाण्यांवर होता. पुढें नाण्यांवर राजमुद्रा आली, तरी बँकेच्या चिन्हांत तो राहिला. आठ महिन्यांच्या सरकारसाठीं काढलेली आकृति कोट्यवधि लोकांनीं खिशांत वागविली, आणि ती कोणाच्या हातची हें त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतें.

नोटांच्या छापखान्यापासून निघालेली ही हकीकत अशी पुन्हां नाण्यांपाशीं येऊन पोंचते. परंतु बिलिबिनचें खरें देणें तिजोरींत नाहीं. वासिलिसा हातांतल्या काठीवर जळत्या डोळ्यांची कवटी घेऊन अंधाऱ्या रानांतून घरीं निघाली आहे, हें चित्र रशियांतलें मूल आजहि मांडीवर घेऊन पाहतें. त्या चित्रांत पाऊलवाटेवरचें झुडूपहि वेळ मारून नेण्यासाठीं काढलेलें नाहीं. जो प्रेक्षक दोष काढूं शकत नाहीं, दाद देऊं शकत नाहीं आणि चित्रकाराचें नांवहि विचारीत नाहीं, त्याच्यासाठीं त्यानें आपली न पुसतां येणारी रेषा ओढली.